शून्य सोडून कोणताही अंक

माझे सासरे माणसांवर सहसा विश्वास ठेवत नसत, हे मला लग्नाआधीच कळलं होतं. मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझी बीएस्सीची गुणपत्रिका मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला. गणितापुढचा आकडा कुणी ब्लेडनं खरवडून नवा लिहिलाय का, हे त्यांना बघायचं होतं. माझे वडील शेजारीच बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. आज माझं वय त्या दिवशीच्या सासऱ्यांपेक्षा जास्त आहे, पण ती टोपी आठवली की अजून राग येतो.

आमचं घर विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला लागून. तेव्हा तिथं शेतं होती. आमची मेथी-कोथिंबीर मंडईत जायची आणि वडिलांचं जग मंडईपाशी संपायचं. भावकीत कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, त्यातून गणित घेऊन. त्यामुळे स्थळ घेऊन येणाऱ्या मध्यस्थानं माझी तारीफ करताना हात राखला नव्हता. सासरे शहरातल्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालेले. मध्यस्थांविषयी त्यांचा एक नियम होता, तो मला पुढे कळला: तो सांगेल त्यातलं निम्मं सोडायचं आणि उरलेल्याला दोनानं भागायचं.

गुणपत्रिका खरी निघाली. तरी त्यांचं समाधान झालं नाही. गुणपत्रिका खरी असली तरी गुण खरे कशावरून, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"नऊनं भाग जातो की नाही, हे भाग न घालता कसं ओळखशील?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न पाचवीतल्या पोराला विचारायचा. मी म्हटलं, "अंकांची बेरीज करून."

"अकरानं?"

"एक सोडून एक अंकांच्या बेरजा करायच्या. त्यांच्यातली वजाबाकी शून्य आली किंवा तिला अकरानं भाग गेला, तर जातो."

"हं," ते म्हणाले. बरोबर आहे असं म्हणाले नाहीत. मग खुर्ची जरा पुढे ओढून घेतली आणि आवाज बदलला. हा आवाज वर्गातला होता, मला लगेच कळलं. "आता एक गंमत करू. चार अंकी संख्या मनात धर आणि लिही. मला दाखवू नकोस. तिचेच अंक मागेपुढे करून दुसरी संख्या कर. मोठीतून लहान वजा कर. जे उत्तर येईल त्यातला, शून्य सोडून, कोणताही एक अंक खोड. आणि उरलेले अंक मला सांग, कसेही, उलटसुलट. तू कोणता खोडलास ते मी सांगतो."

ते "शून्य सोडून" म्हणाले त्याच क्षणाला आईनं आतून लाडवांचं ताट आणलं आणि मामा मोठ्यानं म्हणाला, "घ्या, पाव्हणं, घ्या. घरच्या शेंगा हायेत." ताटल्या हलल्या, खुर्च्या सरकल्या, कुणी नको-नको म्हणालं. त्या गडबडीत ते दोन शब्द कुणाच्या कानावर गेले नाहीत. माझ्या गेले. मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर होते आणि त्या दोन शब्दांचीच वाट पाहत होते.

कारण ही गंमत मला ठाऊक होती. अंक कसेही मागेपुढे केले तरी वजाबाकीला नऊनं भाग जाणारच. म्हणजे उत्तरातल्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यातली. उरलेल्या अंकांची बेरीज करायची, पाढ्यातल्या पुढच्या संख्येला किती कमी पडतात बघायचं, तोच खोडलेला अंक. फक्त एक अडचण आहे. उरलेल्यांची बेरीजच पाढ्यात बसली, तर खोडलेला अंक नऊही असू शकतो आणि शून्यही. बेरजेला हे दोघं सारखेच दिसतात. म्हणून आधीच सांगून ठेवायचं असतं, शून्य सोडून. हे सांगायला विसरला तो गेला.

मामानं कुणाच्या तरी लग्नाची जुनी पत्रिका पुढे केली. तिच्या पाठीवर मी लिहिलं: ८२१३. त्याचे अंक फिरवून २३१८. वजाबाकी ५८९५. पेन्सिल हातात घेऊन मी एकदा वडिलांकडे पाहिलं. ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी नऊ खोडला.

"पाच, आठ, पाच," मी म्हटलं.

त्यांनी डोळे अर्धे मिटले, लगेच उघडले. "नऊ," ते म्हणाले आणि सगळ्यांकडे बघून हसले. नवरामुलगा हसला, मामानं मान डोलावली, सासूबाईंनी आमच्या आईला कोपरानं ढोसलं. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला त्यात फक्त उजेडाला धरलेली गुणपत्रिका दिसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"शून्य," मी म्हटलं.

"काय?"

"मी शून्य खोडलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "असं कसं होईल? मी सांगितलं होतं, शून्य सोडून."

"नाही," मी म्हटलं. "तसं आपण म्हणाला नाहीत."

एवढं सरळ खोटं मी आयुष्यात त्याआधी बोलले नव्हते. सांगते त्यात लपवण्यासारखं काही नाही: ते बोलताना मला बरं वाटलं.

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "मी म्हणालो होतो ना?" मुलगा माझ्याकडे बघत होता, त्यानं काही ऐकलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "माझं कुठं लक्ष होतं?" वडील म्हणाले, "आम्हाला त्यातलं काय कळतंय." मग सासऱ्यांनी पत्रिकेसाठी हात पुढे केला. "बघू, कागद बघू."

इथं मी संपले असते. पण मामा उठून उभा राहिला. "पाव्हणं," तो म्हणाला, "मगाशी मार्कांचा कागुद बघितला, आमी काय बोललो न्हाई. आता पोरगी एक सांगती, त्यालाबी कागुद पायजे? आमची पोरगी खोटं बोलंल व्हय?"

हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला. मला वाटतं, आपण उजेडाला धरलेला कागद त्यांना तेव्हा आठवला असावा. ते म्हणाले, "बरोबर आहे आपलं. मुलगी सांगते ते खरं. चूक माझी आहे, शून्य वगळायला सांगायचं राहून गेलं." आणि चहा घेतला. पाहुणे गेल्यावर मी ती पत्रिका चुलीत घातली.

मला वाटलं होतं, नकार येईल. तिसऱ्या दिवशी होकार आला.

मध्यस्थ सांगत होता, सासऱ्यांनीच हट्ट धरला. म्हणाले, तोंडावर चूक दाखवणारी मुलगी मला घरात पाहिजे. घरी सगळे खूश झाले. मला मात्र पहिल्यापासून काहीतरी वेगळाच वास येत होता. इतका संशयी माणूस एका शब्दावर असा कसा वितळला? मला वाटलं, त्यांनी ओळखलंय. आता मला घरात नेऊन ठेवतील आणि सावकाश उलटतपासणी घेतील, हातात आयुष्यभराचा वेळ आहे.

त्यांचं घर शुक्रवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्या. त्या घरात कोणतीही गोष्ट एकदा होत नसे. कडी लावली की ओढून बघायची. भिंतीवरचं घड्याळ रेडिओच्या पिप्-पिप्शी जुळवायचं, आणि रेडिओची वेळ हातातल्या घड्याळाशी. मंडईतून भाजी आणली की घरच्या ताजव्यात पुन्हा जोखायची. ती कमी भरली तरी परत जाऊन भांडत नसत, त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं असे. बसमध्ये बसले की तिकिटावरच्या नंबराला सातानं भाग जातो का ते बघायचे. भाग गेला तर तिकीट खिशात ठेवायचे, नाही गेला तर उतरल्यावर टाकून द्यायचे. आणि प्रत्येक गुणाकाराचा नवाचा ताळा घ्यायचे. अंकांची बेरीज करत करत एका अंकावर आणायची आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचं, हा ताळा त्यांच्या बोटांना इतका सवयीचा झाला होता की बोलता बोलता अंगठा पेरांवरून फिरत असे. माझे यजमान टेलिफोन खात्यात होते. ते घरी आले की सासरे विचारायचे, "पत्र टाकलंस?" ते "टाकलं" म्हणाले की पुढचा प्रश्न, "कुठल्या पेटीत? कितीच्या उचलीला?" स्वतःच्या मुलाचाही ताळा.

फक्त माझा घेत नसत.

"गॅस बंद केलास?"

"केला, अण्णा."

झालं. पुन्हा पेपरात डोकं. सासूबाईंनी तेच उत्तर दिलं तर उठून बघून यायचे. सासूबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, "आमची एवढी वर्षं गेली, आमच्या शब्दाला काही किंमत नाही." त्यावर ते म्हणाले, "तू कधी माझी चूक दाखवलीस?" पाहुण्यांपुढे, नातेवाइकांपुढे, शेजाऱ्यांपुढे माझी ओळख एकच: "ही आमची सूनबाई. पहिल्या भेटीत माझं गणित चुकवणारी." मला बीएडला त्यांनी घातलं. यजमान जरा कांकूं करत होते, तर म्हणाले, शाळांतून अशीच माणसं पाहिजेत. पुढे मला नोकरी लागली ती त्या हट्टामुळे. माझं सासरचं सगळं बस्तान त्या एका खोट्यावर बसलेलं होतं, आणि हे मला रोज ठाऊक होतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. त्यांच्या विश्वासाचाच मला संशय येऊ लागला. रविवारी सकाळी ते कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागे माझ्यासाठी कोडं लिहून ठेवत. चहा घेता घेता मी ते सोडवायचं, असा रिवाज पडला होता. दोनापासून नवापर्यंत कशानंही भागलं तरी एकच उरतो, अशी एकाहून मोठी लहानांत लहान संख्या कोणती. मी दोन हजार पाचशे एकवीस लिहायचे आणि मनात म्हणायचे, 'काहीही केलं तरी एक उरतोच' याचा अर्थ काय घ्यायचा? तीन अंकी संख्या दोनदा लागोपाठ लिही, तिला सातानं, अकरानं, तेरानं भाग जाईल, का ते सांग. ते मी सांगायचे आणि विचार करत बसायचे की तीच गोष्ट दोनदा म्हटली की खरी होते, असं तर सुचवायचं नाही ना यांना.

एका रविवारी त्यांनी १४२८५७ लिहून ठेवलं होतं. "हिला दोनानं गूण, तिनानं गूण, सहापर्यंत गूण. तेच अंक, नुसती जागा बदलतात."

मी गुणत गेले. २८५७१४. ४२८५७१. खरंच तेच अंक.

"आता सातानं," ते म्हणाले.

उत्तर आलं ९९९९९९.

"बघ," ते म्हणाले, "सहा वेळा कितीही फिरवाफिरव केली तरी सातव्या खेपेला सगळे नऊ बाहेर येतात."

माझा चहा निवून गेला. सगळे नऊ. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथं एका निवृत्त मास्तराचा आनंद होता, दुसरं काही नव्हतं. पण मला तो दिसला नाही. त्या दिवशी मी दिवसभर चिडचिड केली, दोन कप फोडले, आणि यजमानांनी काय झालं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र खरी होती. कोणतंही अंकांचं कोडं घालताना ते आधी मोठ्यानं म्हणत, "शून्य सोडून." कोड्यात शून्याचा संबंध असो-नसो. मग थांबून विचारत, "मी शून्य सोडून म्हणालो ना?" समोरच्यानं हो म्हटल्यावर पुढे जायचं. आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा आजोबांची नक्कल म्हणून पहिल्यांदा तिनं हेच केलं. घर हसलं. मला वाटलं, हे सगळं मला ऐकवण्यासाठी चाललंय.

खरं काय ते सासूबाईंकडून कळलं. हिवाळ्यातली दुपार होती, आम्ही दोघी मंडईतून आणलेले मटार सोलत बसलो होतो. शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं की अण्णांना जुन्या शाळेकडून बोलावणं येतं का, असं मी सहज विचारलं.

"यायचं," सासूबाई म्हणाल्या. "दर वर्षी यांचा गणिताच्या गमतींचा कार्यक्रम असायचा. पोरं नुसती वेडी व्हायची. निवृत्त झाल्यावरही बोलवायचे. बंद केला यांनीच."

"का?"

"तुला बघून आलो ना, त्याच वर्षी. म्हणाले, आता माझ्या तोंडून काय निघतं आणि काय राहून जातं याचा मला भरवसा नाही. मला वाटतं मी म्हणालो, आणि म्हणालेलो नसतो. दोनशे कोड्यांची एक वही करत होते. छापायची होती. एकशे एकेचाळिसाव्यावर थांबलीय, कपाटात आहे."

मटाराचे दाणे माझ्या हातातून खाली पडले. सासूबाईंनी ते गोळा केले आणि म्हणाल्या, "तुझा काय दोष? तू खरं तेच सांगितलंस."

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही. मुलगी अडीच वर्षांची होती, नोकरी नवी होती, आणि त्या घरात माझा शब्द हा एकच शब्द असा होता की जो कुणी तपासत नव्हतं. तो आपल्या हातानं कोण घालवील? मी स्वतःला समजावलं की एवढ्याशा गोष्टीनं कुणाचं काही बिघडत नाही, म्हाताऱ्या माणसाला कारण हवं असतं. हे समजावणं बरीच वर्षं पुरलं. पण मला एक कळून चुकलं होतं. ते मला पकडायला टपलेले नव्हतेच. ते स्वतःलाच पकडत होते.

वर्षं गेली तसं ते वाढत गेलं. जो माणूस जगाचा ताळा घ्यायचा, तो स्वतःचाच घेऊ लागला. कडी एकदा ओढायची ती तीनदा ओढायची. जिन्यातून परत वर यायचं. मंडईत जाताना काय आणायचं ते कागदावर, आणि कागद घेतला की नाही ते दुसऱ्या कागदावर. मुलगी सातवीत गेली, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसली. तिला भाज्यतेच्या कसोट्या आजोबांकडून शिकायच्या होत्या. ते म्हणाले, "आईकडून शीक, बाळ. मी काहीतरी सांगायचं विसरेन आणि तुझा मार्क जाईल." ती रुसून माझ्याकडे आली. मी तिला शिकवलं. ते दारात उभे राहून ऐकत होते. मी चुकून काही राहू दिलं असतं तर त्यांना चांगलं कळलं असतं, पण ते काही बोलले नसते. पुढे त्यांनी मंडईत एकट्यानं जाणं बंद केलं. मग जिना उतरणंच बंद केलं. खुर्ची खिडकीजवळ घेऊन बसायचे, अंगठा पेरांवरून फिरत असायचा.

यजमान म्हणाले, डॉक्टरांना दाखवू. त्यांना रजा नव्हती म्हणून मी घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, समजूतदार होते. त्यांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. सासरे त्र्याण्णव, शहाऐंशी करत सुसाट खाली आले आणि म्हणाले, "शेवटी दोन उरतील. पुढे जायचं तर ऋण संख्येत जाऊ." डॉक्टर हसले.

"मग आजोबा, विसरायला होतं असं कधीपासून वाटतंय?"

"अठरा वर्षं झाली," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "इतकं नक्की?"

"हो. सूनबाईला बघायला गेलो होतो, तेव्हा सुरू झालं. एक वाक्य बोललो असं मला अगदी स्वच्छ आठवत होतं, आणि मी ते बोललोच नव्हतो. साक्षीला ही आहे. विचारा हिला." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इतक्या भरवशानं की मला तिथं बसवेना.

डॉक्टरही माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. ती होकारासारखी दिसली असणार, कारण डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. म्हणाले, गोळ्या सुरू करून बघू, एकदा मोठ्या दवाखान्यात तपासणीही करून घ्या.

येताना बसमध्ये त्यांनी तिकिटाचा नंबर पाहिला, ओठ हलले, आणि तिकीट माझ्या हातात दिलं. "सातानं भाग जातो का बघ गं. मला वाटतंय जातो, पण तू बघ." पाच अंकी नंबर होता. भाग जात होता. मी जातो म्हटलं. त्यांनी ते खिशात ठेवलं, आणि मला माझी स्वतःची किळस आली.

घरी येईपर्यंत चार वाजले. सासूबाईंनी चहा ठेवला होता. गोळ्यांचं पाकीट टेबलावर होतं. मी बसलेसुद्धा नाही.

"अण्णा, त्या दिवशी आपण म्हणाला होतात."

"काय?"

"शून्य सोडून. म्हणाला होतात. मी ऐकलं होतं. मी नऊच खोडला होता, आणि खोटं सांगितलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता ओरडतील, असं मला वाटलं. ओरडावं, असंही वाटलं. ते म्हणाले, "संख्या सांग."

"आठ हजार दोनशे तेरा."

"फिरवून?"

"दोन हजार तीनशे अठरा."

"वजाबाकी?"

"पाच हजार आठशे पंच्याण्णव."

अंगठा पेरांवर चढला. पाच, आठ, नऊ, पाच. सत्तावीस. "पाच, आठ, पाच," ते पुटपुटले. "हो. पाच, आठ, पाचच सांगितलं होतंस तू." अठरा वर्षांपूर्वीचे तीन अंक त्यांच्या ओठावर होते, आणि आम्ही त्यांच्यासाठी विसरण्याच्या गोळ्या आणल्या होत्या.

मग ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. "अगं, ऐकलंस का? मी म्हणालो होतो." चौकट धरून त्यांनी पुन्हा सांगितलं. "त्या दिवशी, हिच्या घरी. शून्य सोडून. मी म्हणालो होतो."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या आता."

मला कुणी रागावलं नाही. का केलंस, असंही कुणी विचारलं नाही. मी गुणपत्रिकेचं सांगायला लागले, वडिलांच्या टोपीचं सांगायला लागले, तर ते हात हलवून म्हणाले, "ते जाऊ दे, तो माझा वाह्यातपणाच होता." त्यांना त्यात रस नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी कपाटातून वही काढली. एकशे बेचाळिसावं कोडं लिहिलं, वर एकदाच 'शून्य सोडून' लिहिलं, त्याखाली रेघसुद्धा मारली नाही. दुसऱ्या आठवड्यात पिशवी घेऊन एकटे मंडईत गेले आणि भाजी घेऊन, वर कुणाशी तरी वाद घालून आले. नातीला बोलावून म्हणाले, "आईनं सातची कसोटी नीट शिकवलेली नाही, इकडे ये." गोळ्यांचं पाकीट कपाटावर पडून राहिलं. मी सुटले, असं मला वाटलं. इतकं स्वस्तात सुटता येतं हे माहीत असतं तर आधीच सांगितलं असतं, असंही वाटलं.

साधारण पंधरा दिवसांनी मी शाळेतून आले होते आणि दूध तापवून उतरवलं होतं. बाहेरून त्यांचा आवाज आला, "गॅस बंद केलास?"

"केला, अण्णा."

पेपर घडी केल्याचा आवाज आला. मग काठीचा. ते आत आले, वाकले, बटण हातानं फिरवून पाहिलं आणि बाहेर गेले.

पहिल्यांदा मला कळलंच नाही काय झालं ते. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मुलगी क्लासला पोचली, तर त्यांनी गॅलरीत जाऊन तिची सायकल आहे का पाहिली. तिसऱ्या दिवशी मी पत्र टाकलं, तर म्हणाले, "कुठल्या पेटीत?"

एकदा न राहवून मी विचारलं, "अण्णा, माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे ना," ते म्हणाले. टोमणा नव्हता, अगदी मायेनं म्हणाले. "पण ताळा घेतलेला बरा असतो."

पुढे ते बरीच वर्षं जगले, शेवटपर्यंत डोकं लख्ख. वहीतली दोनशे कोडी पूर्ण झाली. पाहुणे आले की माझी ओळख करून देत, "ही आमची सूनबाई, शाळेत गणित शिकवते." तेवढंच. मी त्यांची सेवा केली, त्यांनी मला लेकीसारखं वागवलं, आमच्यात एकदाही वाकडं आलं नाही. रविवारची कोडीही चालू राहिली. फक्त मी उत्तर लिहिलं की ते कागद स्वतःकडे ओढून घ्यायचे आणि पुन्हा करून बघायचे.

त्यांच्या शेवटच्या वर्षातली एक दुपार आठवते. मी ओट्याशी गवार मोडत होते. ते खुर्चीत होते, उठायला त्यांना फार त्रास व्हायचा.

"कडी लावलीस?"

"लावली, अण्णा."

मग खुर्ची करकरली, काठी टेकली, आणि एकेक पाऊल दाराकडे जाऊ लागलं. मध्ये एकदा ते भिंतीला धरून थांबले, दम घेतला, पुन्हा निघाले. मी मागे वळून पाहिलं नाही, गवार मोडत राहिले.

कडी लावलेलीच होती.